लेलँडचा आकडा

टेनी हार्बर, मेन
६ ऑक्टोबर २०१३

लेलँड,

सात वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून फुगून जाऊ नकोस. आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. काम आहे, आणि तेही माझं नाही, कोराचं आहे.

पोरगी कॉलेजला जायचं म्हणते. इथल्या जवळच्या नव्हे, पार बोस्टनच्या पलीकडच्या. आणि शिकायचं काय, तर गणित! ज्या बापानं जन्मात एक आकडा तोंडातून काढला नाही, त्याची लेक आकड्यांचं शास्त्र शिकणार. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

शाळेत पेल्टिए बाई आहेत, मुलांना कॉलेजची वाट दाखवतात. त्या म्हणाल्या, कोरा, तू लवकरचा अर्ज कर. लवकरचा अर्ज म्हणजे वचनच असतं, की तुम्ही मला घेतलंत तर मी दुसरीकडे जाणार नाही. असं वचन देणारी मुलं थोडी, म्हणून त्यांना दार जरा रुंद उघडतं, आणि नाताळाच्या आधी निकाल हातात येतो. फी किती ते लिहीत नाही, तुझं जेवण जायचं नाही. मदत मिळाली तरच जाणं आहे, नाहीतर कोरा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून आयुष्यभर खेकडे सोलेल. तर मदतीचा अर्जही लवकरच करायचा, पंधरा नोव्हेंबरच्या आत. त्यात आईबाप दोघांची या वर्षाची कमाई लिहायची. वर्ष संपलेलं नसलं तरी लिहायची, अंदाजानं. आणि घटस्फोट झालेला असला तरी बापाची लिहायचीच.

मी म्हटलं, "बाई, त्या माणसाकडून आकडा काढण्यापेक्षा मी समुद्रात पडलेली सुई काढून देते." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

सोबत तुझ्या वाट्याचा कागद आहे. आधीच सांगते, पैसे मागत नाहीये. कोरासाठी तू दर महिन्याला तीनशे डॉलरचा चेक पाठवतोस, तो कधी चुकला नाही, तेवढं पुरे. मला फक्त आकडा हवाय.

आकडा म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. तुझ्या बापाच्या येत होता, धक्क्यावरच्या सगळ्यांच्याच येतो. "आज किती शेवंडी मिळाल्या?" विचारलं की एकच उत्तर, "ठीक." खरं सांगितलं की उद्या दुसरा तुमच्या जागेवर सापळे टाकायला हजर. रीत आहे, मान्य. पण मी काय दुसऱ्या बोटीवरची होते? चौदा वर्षं तुझ्या घरात राहिले आणि वर्षाला किती मिळतं ते मला एकदाही कळलं नाही. ताकाला तूर लागू दिली नाहीस. त्या हिवाळ्यात घर गरम ठेवायला तेल भरायचं म्हणून मी आईची शिलाई मशीन विकली, आणि त्याच आठवड्यात आमिषाच्या खोलीत, मिठाच्या पिंपामागे कॉफीचा डबा सापडला. आत अकरा हजार डॉलर. "वेळप्रसंगाला ठेवले होते," म्हणालास. वेळ आणि प्रसंग दोन्ही तुझ्यासमोर बसून खेकडे सोलत होते, मेल्या!

असो. ते झालं. कागद भर, सही कर, परत पाठव. टपालाच्या बोटीला दे, तिकीट मी लावलंय.

आर्डिस


२७ ऑक्टोबर

लेलँड,

तीन आठवडे झाले. तुझ्या बेटावर पेन संपली आहेत का?

टपालाच्या बोटीवरच्या हायरमला मी धक्क्यावर गाठलं. म्हटलं, पाकीट पोचलं का? म्हणाला, पोचलं, स्वतः हातात दिलं. मी म्हटलं, "हातात म्हणजे नक्की त्याच्याच हातात?" तर म्हणतो, "त्याच्याच. डाव्या हातात." हायरमचं डोकं तुला ठाऊक आहे. डाव्या-उजव्याशी मला काय करायचंय? मिळालं ना, मग झालं.

तुझ्यासाठी सोपं व्हावं म्हणून माझा आकडा कसा निघाला ते सांगते. पेल्टिए बाईंच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. बाई म्हणाल्या, "वर्षअखेरपर्यंत तुमची कमाई किती होईल?"

"मला कसं कळणार? नाताळची तोरणं अजून बांधायची आहेत, नगावर पैसे मिळतात. बांधायची कसली, फांद्या अजून झाडावर आहेत!"

"अंदाज करा."

"बाई, बाजारात तुरी आणि तुम्ही मला आमटीची चव विचारताय."

कोरा टेबलाखालून पाय मारत होती. मग मी छाती काढून म्हटलं, "लिहा, पंधराशे तोरणं." खरं म्हणजे पंधराशे मी जन्मात बांधली नाहीत. पण त्या बाईंची स्वच्छ खोली, भिंतीवर कॉलेजांचे झेंडे, आणि माझ्या बोटांना खेकड्याचा वास. आपण अगदीच कंगाल दिसू नये असं वाटलं. कोरा शांतपणे म्हणाली, "आई, गेल्या तीन वर्षांची सरासरी नऊशे ऐंशी आहे." झालं! उतरले खाली. नऊशे ऐंशीच लिहिली.

तुला सांगते, परक्या माणसांसमोर आपली कमाई लिहिणं म्हणजे भर जानेवारीत धक्क्यावर उभं राहून स्वेटर काढण्यासारखं आहे. पण मी काढला, आणि मेले नाही. आता तू काढ.

आणखी एक. उन्हाळ्यात कोरा तुझ्याकडे यायचं म्हणाली तेव्हा तू कळवलंस, "येऊ नकोस, कामात आहे." पोरगी आठवडाभर घुम्यासारखी फिरत होती. एवढा कामात असशील तर आकडाही दणकट असणार. मग लपवतोस कशाला? मी काही तुझ्या डब्यावर झडप घालायला येत नाहीये.

पंधरा तारीख. विसरू नकोस.

आर्डिस


१४ नोव्हेंबर

लेलँड,

कागदावरचे डाग राळेचे आहेत, अश्रू समजशील म्हणून सांगितलं. दिवसाला चाळीस तोरणं बांधतेय. हाताला फरच्या फांद्यांची राळ अशी बसलीय की काटा धरला तर सुटत नाही.

उद्या शेवटचा दिवस. तुझा कागद आला नाही. पेल्टिए बाईंनी कॉलेजला फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, वडील लिहीत नसतील तर आईनं तिला माहीत असेल तेवढं लिहावं, त्यावर आम्ही तात्पुरता हिशेब करू, नंतर खरा आकडा आला की बदलता येईल.

तेव्हा ऐक. तुझा आकडा मी लिहिला.

कसा लिहिला तेही ऐक, माझ्यात लपवाछपवी नाही. सापळे आठशे, कायद्यानं मिळतात तेवढे सगळे तू टाकतोस. भाव यंदा पडलेला, ते धरलं. आमिष आणि इंधन वजा केलं. पण मुख्य म्हणजे तुझं गप्प बसणं धरलं. आपल्या बंदरात जो रडतो त्याचे सापळे रिकामे आणि जो मूग गिळून बसतो त्याचे भरलेले, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वाईट हंगाम असता तर तुझं रडगाणं वाऱ्याबरोबर इथपर्यंत आलं असतं. वर कोराला यायला बंदी, इतका कामात! आणि चेक दर महिन्याच्या दोन तारखेला बरोबर. मग मी लिहिलं, सगळा खर्च जाऊन अठ्ठावन्न हजार.

कोरानं आकडा बघितला आणि विचारलं, "हा कुठून आणलास?"

"चौदा वर्षांच्या अनुभवातून."

"आई, एवढ्यावरून अंदाज काढायचा नसतो. गप्प बसण्याची कारणं दोन असू शकतात."

"तुझ्या बापाला एकच कारण पुरतं," मी म्हटलं. तिनं खालचा ओठ चावला. अगदी तुझ्यासारखा चावते, मला राग येतो.

आकडा खोटा असेल तर खोडून दाखव. मला तर वाटतं मी कमीच लिहिला.

आर्डिस


१६ डिसेंबर

लेलँड,

घेतलं तिला! शुक्रवारी कळलं. शाळेतून धावत आली, पायात एकच मोजा, दुसरा कुठे गेला तिलाही माहीत नाही. मी तोरणांच्या शेडमध्ये होते. सगळ्या बायकांनी हातातल्या फांद्या वर उडवल्या. मालकसुद्धा ओरडला नाही. रात्री मी भात घालून माशांचा दाट चावडर केला आणि गोड ब्लूबेरी-पाय भाजला, ऑगस्टात फ्रीजरमध्ये राखून ठेवलेल्या ब्लूबेरीचा. पेल्टिए बाई आल्या, दोनदा घेतला.

हे शुक्रवारचं. शनिवारी मदतीचा कागद आला.

कॉलेज भलंमोठं देतंय, मी नाही म्हणणार नाही. माझा वाटा धरलाय तो मला झेपेल. कोराचा उन्हाळ्याच्या कामाचा वाटा, तोही ठीक. आणि मग एक ओळ आहे, वडिलांचा वाटा. वर्षाला एकोणीस हजार. त्यांना का बोल लावू? बाप अठ्ठावन्न हजार मिळवतो, तर त्यानं मुलीसाठी एवढं द्यावं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण तू देणार नाहीस, आणि माझ्याकडे नाहीत.

कोरा म्हणाली, "मी नको म्हणून कळवते. मदत पुरत नसेल तर वचनातून सोडतात." रडली नाही. ताटं धुवायला उभी राहिली. एकच ताट तीनदा धुतलं.

तू त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर असतास तर ते ताट तुझ्या डोक्यात घातलं असतं. सात वर्षं मी तुझ्याबद्दल या पोरीसमोर वाईट बोलले नाही. "बाबा कमी बोलतात," एवढंच सांगत आले. कमी बोलतात! तिच्या आयुष्याचा प्रश्न आला तरी चार अक्षरं लिहिता येत नाहीत याला कमी बोलणं म्हणत नाहीत, निगरगट्टपणा म्हणतात. सुंभ जळेल तुझा, पीळ जाणार नाही.

दहा जानेवारीच्या आत कॉलेजला उत्तर द्यायचंय. येत्या शनिवारी मी हायरमच्या बोटीनं येतेय. शपथ घेतली होती तुझ्या बेटावर पाय ठेवणार नाही म्हणून. मोडते. धक्क्यावर उभा राहा, आणि खिशात आकडा घेऊन ये.

आर्डिस


२२ डिसेंबर

लेलँड,

काल मी आले होते.

तू धक्क्यावर नव्हतास. मला वाटलं, पळाला भेकड. तशीच तरातरा तुझ्या घराकडे निघाले. बर्फ घोट्यापर्यंत, माझे बूट तोरणाच्या शेडमधले, फाटके. वाटेत दहा वाक्यं तयार केली होती, एकाहून एक कडू. तुझ्या आवाराशी आले आणि थांबले. हिवाळ्यात सापळे आवारात रचलेले असतात, उंच भिंतीसारखे. तुझी भिंत माझ्या कमरेएवढीसुद्धा नव्हती. आणि तुझी बोट, 'कोरा जेन', तिथं लाकडांवर चढवलेली, प्लास्टिकखाली. प्लास्टिकवर ऑक्टोबरात गळलेली पानं कुजून बसलेली. म्हणजे बोट आता वर काढलेली नव्हती. केव्हाची तिथंच होती.

मी उलटी फिरले आणि दुकानात गेले. व्हेस्टा गल्ल्यावर विणत बसली होती.

"लेलँडचे सापळे कुठेत?" मी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"सांगायला तुमच्या बेटावर तोंड आहे कुणाला?"

तिनं विणकाम खाली ठेवलं. मग सांगितलं. जूनच्या अखेरीस सापळे ओढायच्या यंत्रात दोर अडकला, दोराबरोबर उजवा हात ओढला गेला, खांदा निखळून फाटला. दोन शस्त्रक्रिया. चारशे सापळे एकदम गेले, दवाखान्यासाठी. आणि मग दर महिन्याच्या शेवटी दहा-बारा, दहा-बारा. "मी विचारलं की म्हणतो, जुने होते, काढून टाकले," व्हेस्टा म्हणाली. "जुने कसले, दोन वर्षांपूर्वीचे होते. पैसे मोजून बँकेत भरायला हायरमकडे देतो, सोबत एक बंद पाकीट. मला वाटायचं, कुणाचं देणं असेल."

लेलँड, तिनं मला डोनट दिलं, ते मी हातात धरून राहिले, खाल्लं नाही.

दर महिन्याच्या दोन तारखेचा चेक. मी त्या चेकवरूनच तुझा हंगाम जोखला होता. तू मुलीसाठी सापळे विकत होतास, आणि मी त्या सापळ्यांच्या पैशावरून लिहिलं की याला कसली कमी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तुझी मूठ मीच सव्वा लाखाची करून कॉलेजला कळवली. हात दाखवून अवलक्षण. बाहेरचं कुणी असतं तर त्यानं तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'माहीत नाही' असा लावला असता. पण मी या बंदरात वाढले ना! मी अर्थ लावला, 'भरपूर आहे.' चूक माझी आहे. हे वाक्य मी तुझ्याशी बोलताना आजवर एकदाही वापरलेलं नाही, तेव्हा जपून ठेव.

मग मी परत तुझ्या घराशी आले. खिडकीतून दिसलास. सूप खात होतास, डाव्या हातानं, आणि अर्धं टेबलावर सांडत होतं. उजवा हात मांडीवर. समोर माझा कागद होता, ऑक्टोबरमधला. रकाने सगळे कोरे, वर पेन्सिल ठेवलेली.

मी दार ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. तू उघडलं असतंस, मी विचारलं असतं, "हे काय करून घेतलंस?" आणि तू म्हणाला असतास, "ठीक." ते 'ठीक' ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. हायरमनं शिटी मारली, मी निघाले. बुटांची पावलं बर्फात दिसली असतील तर ती माझीच आहेत, घाबरू नकोस.

आता रागावू का नको? रागावणारच आहे, मला ते चांगलं जमतं. लाजतोस कुणाला? मला? मी तुला समुद्रात ओकताना पाहिलंय, तुझ्या आईच्या अंत्यविधीला झोपलेला पाहिलंय. हात मोडल्याची कसली लाज? मोडक्या खांद्याचा माणूस मला परवडतो. मूठ न उघडणारा मला कधीच परवडला नाही, धड खांद्याचा होतास तेव्हासुद्धा नाही.

कोराला मी सगळं सांगितलं. माझ्या घरात डबे पिंपामागे ठेवत नाहीत. ती खिडकीशी गेली. मग म्हणाली, "म्हणून येऊ नकोस म्हणाले." आणि थोड्या वेळानं, "मी म्हटलं होतं, आई. कारणं दोन असू शकतात." मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल. तिनं माझे ओले बूट शेगडीजवळ वाळत ठेवले, आणि ते जास्त लागलं.

तर ऐक. कॉलेजनं सांगितलंय, खरा आकडा आला की हिशेब बदलू. मी लिहू शकते, व्हेस्टानं सांगितलं ते सगळं. पण लिहिणार नाही. तुझ्या माघारी तुझा आकडा मी एकदा लिहिला, त्याचं काय झालं पाहिलंस. यावेळी तुझ्याच हातचा हवा. डावा तर डावा. नवा कागद पाठवतेय, जुन्यावर सूप सांडलं असेल.

दहा तारखेच्या आत. नाही आला तर कोरा नको म्हणून कळवेल, आणि का कळवलं ते तुला आणि मला दोघांनाही मरेपर्यंत माहीत असेल.

आर्डिस


७ जानेवारी २०१४

लेलँड,

आला.

हायरमनं दारात आणून दिला. एरवी तो धक्क्याच्या पुढे येत नाही. म्हणाला, "लेलँडनं सांगितलंय, हातात दे." मी विचारलं, कोणत्या? तर हसला गाढव.

अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे, रकान्याबाहेर गेलेलं. पण वाचता येतं. मिळकत, नऊ हजार दोनशे, मे आणि जून. पुढे विचारलंय, आकडा अंदाजी की प्रत्यक्ष? तिथं तू 'प्रत्यक्ष'वर इतकी जोरात खूण केलीस की कागद फाटलाय. आणि शेवटी, 'आणखी काही सांगायचं असल्यास' म्हणून मोठी चौकट आहे, दहा ओळी मावतील अशी. तू लिहिलंस:

"खांदा गेला. सापळे विकले. मुलीला घ्या."

कोरानं ते वाचलं आणि तिला रडू फुटलं. कॉलेजनं घेतलं तेव्हा रडली नव्हती, एकोणीस हजारांना रडली नव्हती. तुझ्या तीन वाक्यांना रडली. मी काय केलं ते सांगणार नाही.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तू मला आकडा सांगितलास. नऊ हजार दोनशे. मी तो दोनदा मोठ्यानं वाचला.

कागद आजच फॅक्स केला.

आर्डिस


९ फेब्रुवारी

लेलँड,

कॉलेजचं उत्तर आलं. हिशेब नव्यानं केला. वडिलांचा वाटा, शून्य. माझा थोडा वाढला, पण तो मी खेकड्यांतून काढीन, आणि कोरा ऑगस्टात ब्लूबेरी वेचायला जाणार आहे. ऑगस्टच्या शेवटी तिला सोडायला जायचंय. पेल्टिए बाईंनी आतापासून तारीख भिंतीवर लावलीय. जातेय तुझी पोर. जातेय!

वर्षाचा कर भरून झाला की पक्के कागद पुन्हा पाठवायचेत. तुझा आकडा बदलायचा नाही, आधीच पक्का आहे. माझी तोरणं एक हजार अकरा निघाली. म्हणजे अंदाज करायला मला येतं, फक्त तो माझ्याच कमाईचा असायला हवा.

आता पाकिटातलं दुसरं काय आहे ते बघ. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तुझे तीन चेक. वटवले नाहीत. भांडायला येऊ नकोस, मी जिंकीन. उरलेले सापळे तीनशे वीस आहेत, व्हेस्टाकडून मोजून घेतलेत. त्यातला एकही विकायचा नाही.

आणि हे ऐक, शेवटचं. व्हेस्टानं लिहिलंय, डॉक्टर म्हणतात मेपर्यंत हात खांद्याच्या खाली चालेल, वर नाही. म्हणजे बोट चालवता येईल, सापळे ओढता येणार नाहीत. सापळे मी ओढीन. मला लग्नाचं वगैरे काही बोलायचं नाही, मेल्या, तो विषय मिटला. मजुरी करीन, वीस टक्के, रिवाजाप्रमाणे. चौदा वर्षं तुझे डबे घासले, तुझ्या बोटीवर एक दिवस मला नेलं नाहीस, आता बघ मला काय येतं ते. वाट्याबद्दल वाद नाही. पण एक अट आहे. रोज संध्याकाळी धक्क्यावर लागलो की बोटीतून उतरण्याआधी तू आकडा सांगायचास. मोठ्यानं. हायरम, व्हेस्टा, सगळं बेट ऐकेल इतक्या मोठ्यानं. चांगला असो, वाईट असो. पुढच्या शरद ऋतूत दुसऱ्या वर्षाचा मदतीचा अर्ज भरायचाय, पुन्हा आईबाप दोघांचे आकडे. तो अर्ज टेबलाच्या दोन बाजूंना बसून भरायचा. या वेळी अंदाजाला मी एकटी बसणार नाही.

कोरा म्हणते तिलाही एक आठवडा यायचंय, जूनमध्ये. "येऊ नकोस" असं कळवून बघच.

मेच्या पहिल्या शनिवारी हायरमच्या बोटीनं येतेय. धक्क्यावर उभा राहिलास तर बरं, नाही राहिलास तर दार ठोठावीन, मोडेपर्यंत. तू उघडशील, मी विचारीन, "कसा आहेस?" आणि लेलँड, 'ठीक' म्हणायचं नाही.

आर्डिस